ऑनलाइन वर्गात ‘कशावरून?’ रुजवताना : कोकणातल्या नव्या प्राध्यापकांसाठी

संध्याकाळचे साडेसहा. पडद्यावर ४७ नावं, चेहरा एकही नाही. चाळीस मिनिटं मी बोलले आणि शेवटी विचारलं, "कळलं का सगळ्यांना?" चॅटमध्ये ‘येस मॅडम’, ‘हो मॅडम’ची रांग लागली. दुसऱ्या दिवशी त्याच भागावर साधा प्रश्न टाकला, तर १९ जणांची उत्तरं शब्दन्‌शब्द सारखी. सगळी एकाच ठिकाणाहून उतरवलेली, आणि त्यातली शुद्धलेखनाची चूकही प्रत्येकाकडे जशीच्या तशी.

त्या दिवसापासून ‘कळलं का?’ हा प्रश्न मी वर्गातून काढून टाकला. त्याच्या जागी ‘कशावरून?’ आला. मी भूगोल शिकवते, रत्नागिरी जिल्ह्यात. नव्याने सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर लागलेले, मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर संपर्क तास घेणारे किंवा कॉलेजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जबाबदारी अचानक अंगावर आलेले अशा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. विषय कोणताही असो, पायऱ्या साधारण याच.

आधी एका शब्दाबद्दल. ‘चिकित्सक’ म्हटलं की आपल्याकडे खोड काढणारा, कशालाच हो न म्हणणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. पण चिकित्सा हा मुळात वैद्याचा शब्द. नाडी बघितल्याशिवाय औषध नाही, एवढाच त्याचा अर्थ घ्या. मुलांनाही पहिल्याच तासाला हे सांगा, नाहीतर काहीजण प्रत्येक गोष्टीला नाही म्हणणं म्हणजेच विचार करणं असं समजून बसतात.

पहिली पायरी : पलीकडे कोण बसलंय ते बघा

वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येकाला एक फोन करा. रोज सात केले तर आठवड्यात होतात. चार गोष्टी विचारा. फोन स्वतःचा की घरातला? रेंज कुठे मिळते? घरात कोणत्या वेळी काम असतं? मोठ्याने बोलता येईल अशी जागा आहे का?

उत्तरं ऐकलीत की वेळापत्रक आपोआप बदलतं. एक मुलगा रेंजसाठी घरामागच्या सड्यावर (उघड्या कातळपठारावर) जातो, म्हणजे पावसाळ्यात त्याचा वर्ग बुडणारच. एकीचा फोन भावाचा, आणि भाऊ कामावरून आठला येतो. एप्रिल-मेमध्ये निम्मी मुलं बागेत आंबे उतरवायला आणि पेट्या भरायला असतात. शिमग्यात पालखी घरी यायची असेल त्या दिवशी आणि गणपतीचे पाच दिवस कोणी येणार नाही. तसं धरूनच चाला. वीज तर आपल्याकडे वाऱ्याच्या मर्जीवर. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगडकडच्या कितीतरी वाड्या बरेच दिवस अंधारात होत्या, आणि नेमकी तेव्हाच सगळी शिकवणी फोनवर आलेली होती.

म्हणून विचार करण्याचं काम थेट तासावर टांगून ठेवू नका. आठवड्याला चाळीस मिनिटांचा एक थेट तास पुरे. बाकीचं लेखी ठेवा, ज्याला जेव्हा रेंज मिळेल तेव्हा त्याने वाचावं, लिहावं. समजवायचं असेल तर आवाज मुद्रित करून पाठवा. कमी दर्जावर, म्हणजे ३२ केबीपीएसवर, दहा मिनिटांची ध्वनिफीत अडीच एमबीच्या आतच बसते. तासाभराच्या व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट डेटा लागतो.

कॅमेऱ्याची सक्ती करू नका. पहिल्या वर्षी मी केली होती. एक मुलगी आठवडाभर आलीच नाही म्हणून फोन केला, तर कळलं की ती पडवीत बसते आणि तिच्या मागे खाटेवर आजारी आजोबा असतात. ते सगळ्या वर्गाला दिसू नयेत म्हणून ती वर्गच सोडायला तयार झाली होती. आजही त्याचं मला वाईट वाटतं. विचार करण्यासाठी माणसाला आधी सुरक्षित वाटावं लागतं.

दुसरी पायरी : आठवड्याला एकच प्रश्न, पण ताकदीचा

सगळ्यात जास्त वेळ इथे घाला. पीपीटी सजवण्यात जातो तो वेळ वाचवून इथे आणा.

‘भरती-ओहोटीची कारणे लिहा’ हा परीक्षेचा प्रश्न झाला. त्याचं उत्तर कुठूनही उतरवता येतं, आणि मुलं उतरवतात. मी त्याऐवजी काय दिलं ते जरा सविस्तर सांगते, कारण प्रश्न कसा काम करतो ते एक उदाहरण जवळून बघितल्याशिवाय लक्षात येत नाही.

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा एक हिशेब आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला भरती पूर्ण. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. मी एवढंच लिहून पाठवलं आणि विचारलं, "हा हिशेब बरोबर आहे का? कशावरून?"

पहिल्या दिवशी दोनच प्रकारची उत्तरं आली. ‘बरोबर आहे, आमचे आजोबा हेच सांगतात.’ आणि ‘चूक आहे, तिथी वगैरे अंधश्रद्धा आहे.’ एक गट मोठ्यांच्या शब्दावर उभा, दुसरा स्वतःला आधुनिक म्हणवण्यावर. समुद्राकडे कोणीच बघितलेलं नव्हतं. मी दोन्ही गटांना एकच उत्तर पाठवलं : जेटीवर जा, पाणी चढायचं थांबलं की घड्याळ बघा, पंधरा दिवस लिहून ठेवा. ज्यांना जाता येत नाही त्यांनी बंदराचं छापील भरतीचं वेळापत्रक मिळवा.

चौथ्या दिवशी एका मुलीचा मेसेज आला. ती समुद्रापासून लांब, घाटाच्या पायथ्याशी राहणारी; जेटीवर गेलेलीच नव्हती. तिने नुसता कागदावर हिशेब केला होता. "मॅडम, अमावास्या म्हणजे पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. एकची पाऊणपट पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. मग एका दिवसात भरती दीड तास पुढे कशी गेली? बाकीच्या दिवशी तर पाऊणच तास जाते."

हे माझ्या लक्षात आलेलं नव्हतं. तसं मी वर्गाला सांगितलंही. मग आम्ही सगळे त्या जास्तीच्या पाऊण तासाच्या मागे लागलो. चंद्राच्या एका फेऱ्यात तीस तिथ्या, आणि तेवढ्यात भरतीची वेळ पूर्ण चोवीस तास सरकून पुन्हा जागेवर येते. चोवीस तास भागिले तीस म्हणजे सरासरी ४८ मिनिटं, तासाचा चार-पंचमांश. जुन्या हिशेबात ती ४५ धरली आहेत. रोज तीन मिनिटांची तूट, पंधरा तिथ्यांत ४५ मिनिटांची, आणि पक्ष बदलला की ती तूट एकदम भरून निघते. पाऊणपट तोंडी करता येते, चार-पंचमांश करता येत नाही. हिशेब का वाकवला ते कळलं.

मग खाडीच्या आतल्या गावातला एक मुलगा म्हणाला, "आमच्याकडे ह्या येळेक भरती नायच." त्याचंही बरोबर होतं. समुद्राचं पाणी खाडीतून आत पोचायला वेळ घेतं. आणि शेवटी एकाने आजोबांना जाऊन विचारलं, की तुमचा हिशेब पाऊण तासाने चुकतो. आजोबा म्हणाले, "चुकतो कसा? भरतीच्या आधी तासभर जाऊनच बसूचा लागता." होडी सोडायला तेवढा हिशेब पुरतो. म्हणजे ‘बरोबर की चूक’ या प्रश्नाला ‘कशासाठी वापरायचा आहे’ हा आणखी एक प्रश्न जोडावा लागतो. तीन आठवडे गेले यात. पाठ्यपुस्तकातल्या भरती-ओहोटीच्या धड्याला मी इतर वर्षी एक तास देत असे.

आता यातून प्रश्न निवडण्याची खूण काढायची तर अशी : प्रश्न हाताशी असावा, त्याचं तयार उत्तर कुठे पडलेलं नसावं, आणि तो तपासायला एकापेक्षा जास्त वाटा असाव्यात. वाणिज्यवाल्यांसाठी आंब्याची पेटी आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी. बाजारात पेटीवर ‘देवगड हापूस’ लिहिलेलं आहे. आतला आंबा देवगडचाच हे गिऱ्हाइकाला कशावरून कळावं? इतिहासवाल्यांसाठी कातळशिल्पं आहेत. उक्षी, बारसू, कशेळी, देवाचे गोठणे इथली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. उघड्या जांभ्या दगडावर कोरलेली, सोबत एक अक्षर नाही. मग त्यांचं वय ठरवायचं कशावरून? अर्थशास्त्र किंवा समाजशास्त्र असेल तर आपल्या घरातलाच प्रश्न घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिलमध्ये वाडीवर टँकर का येतो? यात जांभा आहे, उतार आहे, सह्याद्रीतून निघून लगेच समुद्राला मिळणाऱ्या आखूड नद्या आहेत, बंद पडलेल्या नळयोजना आहेत आणि कोणाच्या विहिरीवर कोण पाणी भरतं हेही आहे.

तिसरी पायरी : आधी एकट्याने लिहायचं, मग सगळ्यांत वाचायचं

वर्गात पहिलं उत्तर हुशार मुलाचं आलं की बाकीचे ‘सेम’ लिहून मोकळे होतात. म्हणून कोणाचंही उत्तर दिसण्याआधी प्रत्येकाने आपलं लिहून द्यायचं. तुमच्या कॉलेजात मूडल ही ऑनलाइन वर्गाची प्रणाली असेल तर त्यात चर्चेचा असा एक प्रकार आहे की स्वतःचं उत्तर टाकेपर्यंत दुसऱ्याचं दिसतच नाही. ते नसेल तर साधा गूगल फॉर्म. तोही नको वाटला तर व्यक्तिगत मेसेज. चार ओळी पुरतात. मालवणीत लिहिलं तरी चालेल हे स्पष्ट सांगा; प्रमाण मराठी जुळवण्यात मुलांचा निम्मा विचार आटून जातो, आणि इंग्रजीत तर सगळाच.

थेट तासात प्रश्न विचारल्यावर थांबा. शिक्षक उत्तरासाठी साधारण एक सेकंद थांबतात आणि ते तीन सेकंदांपर्यंत नेलं तर मुलांची उत्तरं लांब आणि सकारण होतात, हे मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांचं ध्वनिमुद्रण करून दाखवलं. ऑनलाइनमध्ये तीन सेकंदांत तर म्यूटसुद्धा निघत नाही. मी मनात वीस आकडे मोजते. सुरुवातीला ती शांतता खायला उठते. उठू द्या.

चौथी पायरी : तीन प्रश्न तोंडात बसवा

कशावरून? आणखी काय असू शकेल? काय दिसलं तर तू मत बदलशील?

प्रत्येक उत्तराखाली मी यातला एक प्रश्न लिहिते, ‘छान’ किंवा ‘चूक’ लिहीत नाही. महिन्याभराने मुलं एकमेकांना तेच विचारायला लागतात.

पहिल्या प्रश्नाची तालीम द्यायला आपल्या न्यायशास्त्राइतकं (कायद्याचं नव्हे, जुनं तर्कशास्त्र) सोपं साधन मला सापडलेलं नाही. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा. कारण धूर दिसतोय, हा हेतू. जिथे जिथे धूर तिथे तिथे आग, जसं चुलीत, हे उदाहरण. इथेही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून इथे आग आहे, हे निगमन. पाच ओळींत कोणालाही आपलं म्हणणं मांडता येतं. आणि मग दुसरा प्रश्न लगेच उभा राहतो : तो धूरच कशावरून? जुलैमध्ये आंबा घाटात जे डोंगरावरून उठताना दिसतं ते धुकं असतं. आपल्या मुलांना हे सांगावं लागत नाही, त्यांनी ते एसटीच्या खिडकीतून बघितलेलं असतं. हेतू खोटा निघाला की अख्खी पाच मजली इमारत खाली येते, हे त्यांना या एका उदाहरणात कळतं.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. ‘कशानेच बदलणार नाही’ असं उत्तर आलं तर रागावू नका. ते लिहून ठेवायला सांगा आणि सत्राच्या शेवटी परत दाखवा.

पाचवी पायरी : भांडण आणि वाद वेगळे करा

आपल्याकडे मुलांना वाद घालता येत नाही असं मुळीच नाही. हद्दीच्या बांधावरून, पालखीच्या मानावरून गावकीच्या बैठकीत काय काय युक्तिवाद होतात ते या मुलांनी लहानपणापासून ऐकलेलं आहे. वर्गात मात्र ती गप्प, कारण मास्तरांना उलट बोलायचं नसतं. आणि वर्गाच्या ग्रुपवर बोलायला लागली की थेट हमरीतुमरीवर येतात. मधली वाट शिकवावी लागते.

इथेही जुने शब्द कामाला येतात. खरं काय ते शोधायला दोघांनी मिळून केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली ती जल्प. स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहणं ही वितंडा. मी हे तीन शब्द ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवले आहेत. चर्चा घसरली की कोणीतरी ‘जल्प होतोय’ एवढंच लिहितं, आणि मला मध्ये पडावं लागत नाही.

विरोध करायची वाक्यंही तयार करून द्या. "मला वेगळं वाटतं, कारण…" "तुझं हे पटलं, पण हे नाही पटलं…" आणि एखादा आठवडा मुद्दाम तुमचं म्हणणं खोडायला सांगा. माझ्या वर्गात पहिल्यांदा कोणी लिहिलं, "मॅडम, ह्या सगळा खरा, पण माका पटूक नाय," तेव्हा त्याखाली मी लिहिलं, "का नाही पटलं ते तीन ओळींत लिही." त्याने पंधरा ओळी लिहिल्या.

सहावी पायरी : जिथे दुखतं तिथला प्रश्न, पण सांभाळून

वर्गाला सवय झाली, साधारण दोन महिने गेले, की खऱ्या वादाचा प्रश्न घ्या. आधी नको. मी चिपळूणचा पूर घेते.

२२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं. त्या दिवसापासून फोनवर मेसेज फिरतात. धरणाचं पाणी सोडलं म्हणून पूर आला. वाशिष्ठी नदीत गाळ साचला म्हणून आला. उधाणाची (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी) भरती होती म्हणून आला. पाऊसच तेवढा होता, कोण काय करणार. प्रत्येक मेसेज ठामपणे एकच कारण सांगतो. वर्गाचे चार गट करा, प्रत्येकाला एक कारण द्या, आणि काम असं द्या : आपल्या कारणाच्या बाजूने काय पुरावा लागेल आणि कोणता पुरावा मिळाला तर ते कारण सोडावं लागेल, हे आधी लिहा. शोधाशोध त्यानंतर.

मग खरी गंमत सुरू होते, ती तारखा-वेळांची. पावसाच्या गटाने हवामान खात्याचा २२ तारखेचा आकडा घेतला. दुसऱ्या गटाने विचारलं, हा पाऊस नक्की कधी पडला? तेव्हा लक्षात आलं की खात्याची चोवीस तासांची नोंद सकाळी साडेआठला संपते. २२ तारखेपुढे लिहिलेला पाऊस २१च्या सकाळी साडेआठपासूनचा. पाणी रात्रीतून चढत गेलं होतं, त्यामुळे हा फरक लहान नव्हता. भरतीच्या गटाने पंचांग काढलं. २२ला शुद्ध त्रयोदशी, २४ला पौर्णिमा, म्हणजे उधाण जवळच. तेराची पाऊणपट पावणेदहा. पण ती खाडीच्या तोंडाशी, म्हणजे दाभोळला. दाभोळहून चिपळूणपर्यंत पाण्याला आणखी किती वेळ? धरणाच्या गटाला आधी हे समजून घ्यावं लागलं, की कोयना धरणाचं वीजनिर्मितीनंतरचं अवजल कोळकेवाडी धरणामार्गे वाशिष्ठीत येतं, आणि अवजल सोडणं आणि धरणाचा दरवाजा उघडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोणत्या तासाला किती पाणी आलं याचा आकडा हातात नसेल तर ‘धरणामुळेच’ही म्हणता येत नाही आणि ‘धरणामुळे नाहीच’ही म्हणता येत नाही. गाळाच्या गटातल्या एकाने विचारलं, गाळ तर आदल्या वर्षीही होता, मग तेव्हा का नाही बुडालं? त्यावरून कारण आणि निमित्त यांतला फरक निघाला.

शेवटी निकाल द्यायचा नाही. प्रत्येक विधानापुढे ‘नक्की’, ‘बहुधा’ किंवा ‘अजून कळलेलं नाही’ यातला एक शब्द लिहायचा. पहिल्या वर्षी ‘नक्की’ खाली फक्त सहा वाक्यं उरली. ती वाचताना वर्ग एकदम शांत होता.

सांभाळून म्हटलं ते का, तेही सांगते. वर्गात अशी मुलं असतात ज्यांनी ती रात्र माळ्यावर काढली, ज्यांच्या दुकानातला सगळा माल चिखल झाला. त्यांना आधी खाजगीत विचारा. नको म्हणाली तर त्या आठवड्यात त्यांना दुसरा प्रश्न द्या, कारण न विचारता. एक मुलगी हो म्हणाली आणि तिने धरणाचाच गट मागून घेतला. तिचे वडील धरणालाच दोष देत आले होते. तिच्या शेवटच्या टिपणात होतं, "बाबांचा राग खरा आहे. कारण अजून कळलेलं नाही." तिला मी त्या सत्रातले सगळ्यात जास्त गुण दिले.

सातवी पायरी : उतरवलेली आणि यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरं

नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आलं आणि पुढच्या सत्रापासून गृहपाठ एकदम सुबक व्हायला लागले. पकडापकडीत वेळ घालवू नका. त्यात तुम्ही पोलीस होता आणि विश्वास जातो. मी तीन गोष्टी करते. यंत्राचं उत्तर मीच वर्गात ठेवते आणि त्यातली कोणतीही तीन विधानं स्वतंत्रपणे तपासायला सांगते. गृहपाठात एक तरी गोष्ट स्वतः बघितलेली, मोजलेली किंवा घरातल्या माणसाला विचारलेली असलीच पाहिजे. आणि सत्रात एकदा प्रत्येकाशी पाच मिनिटं फोनवर त्याच्याच लिखाणावर बोलते. "हे तू लिहिलंयस, कशावरून?" स्वतः विचार केलेला मुलगा अडखळत का होईना, सांगतो.

आठवी पायरी : गुण वाटेला द्या

मुलं जिथे गुण आहेत तिथेच श्रम घालतात. त्यांना दोष नाही. इंटर्नलचे दहा गुण असतील तर मी असे वाटते : आपलं म्हणणं स्पष्ट मांडण्याला २, पुराव्याला ३, विरुद्ध बाजू प्रामाणिकपणे मांडण्याला ३, आणि मत कुठे, का बदललं किंवा का नाही बदललं याच्या नोंदीला २. उत्तर ‘बरोबर’ येण्याला वेगळे गुण नाहीत. ही वाटणी पहिल्या दिवशी सांगायची, शेवटी नाही.

‘पण विद्यापीठाचा पेपर तर पाठांतराचाच असतो,’ असं सहकारी म्हणतील. बऱ्याच अंशी खरं आहे. कोर्स आउटकमच्या (अभ्यासक्रमातून काय साधायचं त्याच्या) तक्त्यात ‘विश्लेषण’ हा शब्द आपण सगळेच लिहितो आणि पेपरात ‘टीपा लिहा’ विचारतो. म्हणून मी अभ्यासक्रम सोडत नाही. महिन्याला एखादा धडा असा खोल घेते, बाकीचे वेगाने. तीन आठवडे भरतीवर घालवलेल्या मुलांना भरती-ओहोटीची टीप वेगळी पाठ करावी लागली नाही, एवढं मी बघितलं आहे.

पहिला आठवडा

सगळं एकदम करू नका. फोन करा, एक प्रश्न ठरवा, तेवढंच. वीज गेली, तास बुडाला तर तो भरून काढायची घाई नको. प्रश्न ग्रुपवर आहेच. रविवारी रात्री हा मेसेज पाठवा, प्रश्न तुमच्या विषयाचा घाला :

"नमस्कार. या आठवड्याचा प्रश्न खाली आहे. बुधवारी रात्रीपर्यंत प्रत्येकाने चार ओळी फक्त मला पाठवायच्या. उत्तर चुकलं तर गुण जाणार नाहीत. ‘कशावरून’ लिहिलं नाही तर जातील. घरात कोणाला विचारलंत तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा. मालवणी चालेल. गुरुवारी मी सगळी उत्तरं नावांशिवाय ग्रुपवर टाकेन. शुक्रवारी साडेसहाला तास. ज्यांना रेंज नसेल त्यांनी शनिवारी सकाळी फोन करा, मी घरीच आहे."